मधल्या जागेचा गिअर

आजोबांनी नोंदवली तेव्हा ती गाडी फियाट होती. नंबर पुढे सरकत गेला तशी ती प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये प्रत्यक्ष दारात उभी राहिली ती चितोडच्या राणीचं नाव लावून, पद्मिनी होऊन. मधल्या काळात खामगावातही बरंच काही होऊन गेलं होतं. आजोबा कापसाचे अडते. १९७२ मध्ये राज्य सरकारने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली आणि खाजगी व्यापाऱ्याची पेढी एका फटक्यात बसली. म्हणजे धंद्याला गाडी हवी म्हणून पैसे भरले आणि गाडी आली तेव्हा धंदाच सरकारजमा. आजोबा म्हणाले, व्यापार नाही तर नाही, निदान शेगावला तरी जाऊ. तेव्हापासून दर गुरुवारी ही गाडी गजानन महाराजांच्या दर्शनाला जाते. अंतर सोळा-सतरा किलोमीटर. त्यात चौथा गिअर पडला तर पडला.

या गाडीत पुढे तीन माणसं बसतात. मागे किती, हे गाडीवर नसून लग्नाच्या तिथीवर अवलंबून असतं. पुढे तिघांची सोय मात्र कारखान्यातूनच आलेली. सीट अखंड आणि गिअरचा दांडा जमिनीत नाही, तर स्टेअरिंगखाली, नळीला. पायापाशी सगळं मोकळं. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात हा दांडा बहुतेक जमिनीतच असायचा. १९३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन कंपन्यांनी तो उचलून स्टेअरिंगला लावला, कारण गिऱ्हाइकाला पुढे तिसरं माणूस बसवायचं होतं. पंचवीसेक वर्षांनी त्याच अमेरिकेतल्या पोरांना तिसरं माणूस नकोसं झालं आणि दांडा पुन्हा खाली गेला. याला प्रगती म्हणतात.

आमच्याकडे ते तिसरं माणूस अजून होतं. आत्या.

आत्या म्हणजे खरं तर मामाची आत्या, पण आख्खं घर, शेजारपाजार आणि दूधवाला तिला आत्याच म्हणतात. पद्मिनी आली त्या दिवसापासून पुढची मधली जागा तिची. मागे बसलं की तिला मळमळतं आणि खिडकीशी बसलं की वारं कानात जातं. मांडीवर डबा, डब्यावर पिशवी, पिशवीवर हात, या बैठकीतून तिने आधी आजोबांचं आणि मग मामाचं ड्रायव्हिंग पाहिलं आहे. तिला गाडी चालवता येत नाही. पण गाडी कधी कोणत्या गिअरमध्ये असायला हवी हे तिला इंजिनाच्या आवाजावरून कळतं आणि कळलेलं ती पोटात ठेवत नाही. "घुरघुर करून राह्यली ना रे, टाक ना वरचा," असं ती समोर बघतच म्हणते. मामा तो गिअर टाकतो, पण चार सेकंद थांबून, म्हणजे आपलं आपल्याला सुचलं असं वाटावं.

स्टेअरिंगच्या गिअरचं एक असतं. हात इथे आणि गिअरबॉक्स तिकडे खाली, त्यामुळे मध्ये वाकड्या-तिकड्या दांड्या, सांधे आणि प्रत्येक सांध्यात एक बुश. प्रत्येक बुश वर्षाला केसभर झिजतो. सगळे केस एकत्र येऊन वरच्या दांड्याला इतका ढिलेपणा येतो, की मामाने वर हात भरपूर फिरवला तरी खाली डब्यात बातमीच पोचत नाही. कधी पोचते ती अर्धवट आणि दोन गिअरांच्या मध्ये सगळंच अडकून बसतं. मग उतरायचं, बॉनेट उघडायचं, आत हात घालून दांड्या हातानेच न्यूट्रलला ओढायच्या आणि जणू काही रेडिएटरमधलं पाणी बघितलं अशा चेहऱ्याने परत येऊन बसायचं. जुन्या पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसडर ज्यांनी चालवल्या त्यांना हा विधी मुंजीतल्या संध्येपेक्षा जास्त पाठ आहे. मामाने तो खामगावच्या बहुतेक चौकांत केलेला आहे. नांदुऱ्याच्या फाटकात तो करत असताना मागच्या ट्रकवाल्याने जे उद्गार काढले, त्यावरून हे सगळं प्रकरण सुरू झालं.

ते उद्गार पोचले डेट्रॉइटला असणाऱ्या माझ्या मामेभावापर्यंत. तो मोटारींसाठी संगणकावर काम करतो, म्हणजे मोटारीला हात लावत नाही. ती कसर तो सुटीच्या दिवशी जुन्या गाड्यांच्या बाजारात भरून काढतो. तिथे मसल कार नावाचा एक पंथ आहे. त्याचं आद्यपीठ म्हणजे १९६४ ची पाँटिअ‍ॅक जीटीओ. मधल्या आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचं इंजिन आणि सव्वातीनशे घोडे. त्याच १९६४ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून आपली फियाट ११०० डिलाइट निघत होती. १०८९ सीसी आणि चाळीसेक घोडे. त्यातलेही काही मामाच्या गाडीने पेन्शनीत काढले आहेत. आपल्याकडे मसल कारचा मान हौशी लोक काँटेसाला देतात. सुरुवातीच्या काँटेसात इंजिन अ‍ॅम्बॅसडरच्याच घराण्यातलं दीड लिटरचं. अंग पैलवानाचं आणि खुराक कारकुनाचा.

तर त्या जीटीओत गिअरचा जो दांडा असायचा तो हर्स्ट कंपनीचा. जॉर्ज हर्स्ट नावाच्या माणसाचा हा उद्योग. मूळ गाडीचा लडबडता दांडा काढून त्याने जाड, आखूड, खटकन बसणारा दांडा दिला. पुढे त्या दांड्याची अशी काही पूजा सुरू झाली, की कंपनी शर्यतीच्या मैदानात उघड्या मोटारीवर माणसापेक्षा उंच सोनेरी गिअर उभा करून फिरवायची आणि त्याला धरून लिंडा वॉन नावाची सुंदरी लोकांना हात हलवायची. मला मात्र या हर्स्टची दुसरीच गोष्ट जास्त आवडते. अपघातात चेपलेल्या गाडीचा पत्रा फाकवून आतलं माणूस बाहेर काढायचं जे हायड्रॉलिक यंत्र अग्निशमन दलाकडे असतं, तेही याच माणसाने काढलं. आधी लोकांना भरधाव जायची सोय आणि मग त्यांना बाहेर काढायची. असा दूरदृष्टीचा कारखानदार आमच्या एमआयडीसीला मिळायला हवा होता.

भाऊ गेल्या दिवाळीत आला तो असाच एक जुना हर्स्टचा दांडा बॅगेत घालून. विमानतळावर बॅग उघडायला लावली. अधिकाऱ्याने ते चार-पाच किलोचं लोखंड वरखाली करून पाहिलं आणि विचारलं, हे काय? भाऊ म्हणाला, गिअर. कशाचा? गाडीचा. गाडी कुठाय? खामगावला. अधिकाऱ्याने त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि बॅग बंद केली.

घरी त्याचं औक्षण व्हायच्या आधी दांड्याचं झालं. मामाने तो दिवाणखान्यात टीपॉयवर ठेवला. मामी म्हणाली, "चांगला आहे," म्हणजे पसारा वाढला. आत्याने त्याला एकदा हात लावून पाहिला, मग गाडीकडे पाहिलं आणि दिवाणखान्यातला पहिला नेमका प्रश्न विचारला.

"हा जमिनीतून निंघते, तं मंग म्या कुठी बसू?"

कोणीच काही बोललं नाही. हर्स्टच्या माहितीपत्रकात हा मुद्दा नव्हता.

भाऊ म्हणाला, बकेट सीट टाकू. म्हणजे काय? म्हणजे पुढे दोनच खुर्च्या. आत्याने ही सूचना ऐकूच न आल्यासारखं केलं. तिला ती ठणठणीत ऐकू आली होती. मामा म्हणाला, कंपनीनेसुद्धा पद्मिनीच्या शेवटच्या-शेवटच्या गाड्यांना गिअर खालीच आणला होता. आत्या म्हणाली, "म्हनूनच बंद पडली."

शेवटी तोड निघाली ती काळ्या-पिवळ्या जीपवरून. आमच्या जिल्ह्यात खेड्यापाड्यांवर धावणाऱ्या जीपमध्ये गिअर जमिनीतच असतो आणि तरी पुढे ड्रायव्हर धरून चार माणसं असतात. ड्रायव्हर अर्धा बाहेर, त्याचा उजवा पाय आत आणि उजवी मांडी महाराष्ट्र शासनाच्या हद्दीत. मधल्या प्रवाशाच्या दोन पायांच्या मधून गिअर उगवतो आणि तो प्रवासी शाळामास्तर असो की सरपंच, "पाय घ्या भाऊ" म्हटलं की पाय घेतो. जपानात म्हणे गाड्यांत कमी जागेत फार माणसं बसवतात. त्यांनी एकदा मोताळ्याची जीप पाहावी.

तेव्हा ठरलं असं, की सीट अखंड राहील, दांडा तिच्या पुढ्यात येईल आणि तो जरा वाकवून ड्रायव्हरकडे झुकवला जाईल. आत्या म्हणाली, पाहू.

आता कायदा. ही बाजू मामाकडेच पक्की असते, कारण धंदा गेल्यापासून आमच्या घराण्याने फक्त कागद सांभाळले आहेत. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करायला मनाई आहे आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठासून सांगितलं आहे. शिवाय मामाचा डोळा व्हिंटेज नोंदणीवर. २०२१ च्या नियमांप्रमाणे गाडीच्या पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झाली आणि तिची चासी, बॉडी आणि इंजिन फारसं बदललेलं नसलं, की तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी मिळते. पद्मिनीने पन्नाशी गाठलेली. पण जमिनीला गिअरपुरतं भोक पाडलं, तर बॉडी बदलली की नाही? कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या एका शेजाऱ्यांनी पोह्यांच्या दोन बश्या संपवून मत दिलं, की भोक हा बदल नसून अभाव आहे. त्याच नियमात पुढे असंही आहे, की व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला काढायची नाही; प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला तेवढी नेता येते. मामा म्हणाला, मग अडचण काय आहे? गेली वीस वर्षं ती पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीलाच तर जाते.

मिस्त्री नांदुरा रोडचे. त्यांच्या घराण्यात आधी जिनिंग-प्रेसिंगची यंत्रं दुरुस्त व्हायची. खामगावच्या कापसाने काय काय आणलं, याची यादी मोठी आहे. १८७० मध्ये तर इंग्रजांनी फक्त या बाजारासाठी जलंबहून रेल्वेचा फाटा ओढला. ती गाडी अजून जलंबला जाते आणि परत येते. पुढचा एक आणि मागचा एक, इतकेच गिअर आणि दीडशे वर्षांत कोणाची तक्रार नाही.

मिस्त्रींनी हर्स्ट हातात घेतला, वजन केलं, वास घेतला.

"हे काय आनलं राजेहो? हापशीचा दांडा व्हय काय?"

भाऊने मोबाइलवर शर्यतीची फिल्म दाखवली. मिस्त्रींनी ती शेवटपर्यंत पाहिली आणि म्हणाले, "याले रस्ता सपाट पायजे, भाऊ." मग त्यांनी दांड्याच्या खालचं खोकं उघडलं. आत एकाला एक लागून तीन पात्या. अमेरिकन गिअरबॉक्सच्या बगलेला तीन वेगळे हात असतात. पहिल्या-दुसऱ्याला एक, तिसऱ्या-चौथ्याला एक आणि रिव्हर्सला एक. प्रत्येकाला पातीवरून आपली दांडी जाते. पद्मिनीच्या डब्याची रीत निराळी. तिथे आधी गल्ली निवडायची आणि मग ढकलायचं. मिस्त्रींना हे समजायला फिल्म लागली नाही. ते म्हणाले, "दांडा त्याचा ठेवू, आतलं समदं म्या करतो." आणि लेथवर निघून गेले.

मात्र एक गोष्ट त्यांनी त्या परदेशी यंत्रातून मनापासून उचलली. हर्स्टच्या खोक्याला आरपार एक भोक असतं, पाव इंची. तिन्ही पात्या अगदी न्यूट्रलला उभ्या राहिल्या की तिन्हींची भोकं एका रेषेत येतात आणि त्यातून एक सळई अलगद आरपार जाते. जराशी जरी अडकली तरी समजायचं, की दांडीची लांबी चुकली. मग टोकाचं आटं अर्धा फेरा फिरवायचं आणि पुन्हा सळई घालून बघायची. सळई कुठेही न अडता आत-बाहेर सरकली की काम झालं. मग ती काढून घ्यायची. मिस्त्रींनी सळईऐवजी पाव इंची ड्रिलबिट घातला, डोळा मिटला, बोटाच्या टोकाने टोचलं आणि तो सुळकन आत गेला. त्यांनी तो पुन्हा काढला, पुन्हा घातला. पोराला बोलावून दाखवलं. चहावाल्याला दाखवलं. "आजलोक मी अंदाजानं न्यूट्रल लावत होतो," असं म्हणून त्यांनी आपल्या लेथवरच्या सांगाड्यालाही तसंच भोक पाडलं.

जमिनीचं भोक पाडताना गर्दी जमली. खडूने गोल काढला, खालून प्रोपेलर शाफ्टला लागणार नाही हे टॉर्चने पाहिलं आणि मॅटिंग उचललं. त्याखाली निघाली: वीस पैशांची दोन नाणी, एक केसांचा आकडा, शेगावच्या कचोरीला गुंडाळलेल्या वर्तमानपत्राचा तेलकट तुकडा आणि आजोबांचं हरवलेलं फाउंटन पेनचं टोपण. या टोपणावरून १९८० च्या सुमारास घरात कोणीतरी कोणाशी बोलत नव्हतं. आत्याने ते ओळखलं, पुसलं आणि कनवटीला लावलं. मग मिस्त्रींनी पत्रा कापला.

दांडा बसला. ठरल्याप्रमाणे वाकवला. पण वाकवताना लांबी वाढली आणि हर्स्टचा जो सगळा नावलौकिक, म्हणजे हाताची इवलीशी हालचाल आणि गिअर पडला, तो तिथेच संपला. आता पहिल्याला मूठ डॅशबोर्डला टेकायची आणि दुसऱ्याला आत्याच्या डब्याला. "परफॉर्मन्स आहे," भाऊ विमानतळावर जाता जाता म्हणाला.

मूठ राहिली होती. मूळची पांढरी गोळी तडकलेली. आणि गाव कोणतं, तर खामगाव. चांदीच्या शुद्धतेसाठी लोक ज्या गावाला दुरून येतात, तिथे गिअरला प्लास्टिक लावायचं? मामा सराफ्यात गेला. कारागिरापुढे आजवर समया, ताम्हणं, पैंजण, देवाचे टाक, झालंच तर जावयाचा करदोटा असं सगळं आलं होतं. गिअरची मूठ पहिल्यांदाच. पण त्याने काही दाखवलं नाही. लिंबाएवढा भरीव गोळा घडवला, वर गिअरचा नकाशा कोरला. मामाने चारच आकडे आणि 'आर' सांगितलं होतं. कारागिराला रिकामी जागा बघवेना, म्हणून त्याने एका बाजूला 'शुभ' आणि दुसऱ्या बाजूला 'लाभ' कोरलं. त्यामुळे आमच्याकडे लाभात रिव्हर्स पडतो.

दिवाळीपासून होळीपर्यंत मूठ झळकत होती. लोक काचेतून वाकून पाहायचे. मग मे महिना आला आणि बुलडाण्याला लग्न आलं.

चांदीइतकी उष्णता दुसरा कुठलाही धातू वाहून नेत नाही, हे शाळेत शिकवलेलं असतं. पण तिथे उदाहरण चमच्याचं असतं, बंद काचांच्या मोटारीत खामगावच्या चव्वेचाळीस डिग्रीत दुपारभर उभ्या असलेल्या मुठीचं नसतं. मामा रुबाबात बसला, क्लच दाबला, मुठीवर हात ठेवला आणि जो आवाज काढला, तो नंतर मामीने कधीही कोणासमोर काढून दाखवला नाही, हे तिचं मोठेपण. रुमाल शोधला, तो बॅगेत, बॅग डिकीत. आत्याने काही न बोलता पदराचं टोक मुठीवर गुंडाळलं आणि पहिला टाकला. खटकन. "सोड आता क्लच."

सोडला. काय करणार?

गावाबाहेर पडेपर्यंत मामाने दोनदा मूठ परत घ्यायचा प्रयत्न केला. पण ती आत्याच्या गुडघ्यांच्या मध्ये, पदराखाली आणि डब्याच्या आड. तिकडे हात कुठून न्यायचा? तेव्हा घरातल्या घरात एक नवीन पद्धत आपोआप बसली. मामा क्लच दाबायचा, आत्या गिअर टाकायची, मामी खिडकीतून कोण येतंय ते सांगायची. आणि सांगायला हरकत नाही, गाडी इतकी गुळगुळीत त्याआधी कधी चालली नव्हती. गिअर ओळखायला आत्याला आवाज पुरतो. मामाला आधी आवाज, मग आत्या, मग चार सेकंद लागायचे.

बोथ्याचा घाट लागला. ज्ञानगंगा अभयारण्यातून जाणारा हा रस्ता. अस्वलांचा मुलूख. २०१९ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ तीन हजार किलोमीटर चालून इथे येऊन थांबला होता, तोही घाट पाहूनच थांबला असावा. चढ सुरू झाला तशी गाडी तिसऱ्यात धापा टाकायला लागली.

"आत्या, दुसरा," मामा म्हणाला.

"नाई."

"अगं बंद पडेल!"

"वळन जाऊ दे. वळनावर तू पाय उचलतं अन् मंग गाडी मांगं येते. पन्नास वर्ष पाहून रायली मी." वळण गेलं. "दाब."

मामाने दाबला. दांडा डॅशबोर्डाकडून डब्याकडे आला, डब्यातले अनारसे एकदा हलले आणि पद्मिनी दुसऱ्यात बोथ्याचा घाट चढायला लागली. मागून येणाऱ्या एसटीने हॉर्न दिला, बाजूने जाताना ड्रायव्हरने आत पाहिलं आणि सगळी गाडी पुढे निघून गेली तरी तो आरशात पाहत होता.

बुलडाण्याला मांडवात वरपक्षाचे एक पाव्हणे पद्मिनीभोवती दोन फेऱ्या घालून आले. खरे जाणकार. मूठ पाहिली, दांडा पाहिला, "हर्स्ट का?" असंही विचारलं. मामाची छाती फुगली. पाव्हण्यांनी विचारलं, या उन्हात, घाटातून, कोणी चालवली?

मामा तोंड उघडेपर्यंत आत्या डबा सावरत खाली उतरली होती.

"स्टेरिंग त्याच्याजवळ होतं," ती म्हणाली. "गाडी म्या आनली."